कोपरखैरण्याचे बुजलेले ओढे

लंडन शहराच्या पोटांतून फ्लीट नांवाची नदी अद्याप वाहते, हें इंग्रजी ग्रंथ वाचणारांस ठाऊक असतें. १७३७ सालीं तिचा कांहीं भाग झांकला गेला, १७६६ च्या सुमारास आणखी कांहीं, आणि १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सच्या दुर्गंधीनें पार्लमेंटाचे सभासद हैराण झाल्यावर बॅझलजेट ह्या स्थापत्यविशारदानें जी भुयारी गटारें बांधलीं, त्यांत ती सामावली. तिच्यावर पुस्तकें आहेत. तिच्या भुयारांतून दिवे घेऊन हिंडणारे हौशी लोकही आहेत. परंतु ठाण्याच्या खाडीकांठच्या कोपरखैरण्याखालीं काय वाहतें, ह्याची चौकशी आमच्यापैकीं कितीजणांनीं केली असेल?

ह्या बाबतींत मुंबईनें पूर्वींच धडा घालून दिलेला आहे. गव्हर्नर हॉर्नबी ह्याच्या नांवाच्या बांधानें अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी व वरळी यांमधील समुद्राची वाट अडविली, आणि भरतीचें पाणी बेटाच्या मध्यभागीं येईनासें झालें. आज उमरखाडींत खाडी नाहीं व पायधुणीस कोणी पाय धूत नाहीं. समुद्र गेला, पण पाऊस थोडाच गेला! त्या सखल जमिनीवरचें पाणी प्रथम उघड्या नाल्यानें व मग झांकलेल्या गटारानें वरळीकडे न्यावें लागलें.

कोपरखैरण्याची गोष्ट हीच, मात्र हल्लींची. पारसिकाच्या डोंगरावरचें पावसाचें पाणी पश्चिमेकडे उतरून खाडीस मिळतें. त्याच्या वाटेंत पूर्वीं भातखाचरें, खाजणें आणि मिठागरें होतीं. खाऱ्या पाण्यापासून ही जमीन आगरी शेतकऱ्यांनीं मातीचे बांध घालून सोडविलेली. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी असे. भरतीच्या वेळीं ती मिटलेली, ओहोटी लागली कीं मोकळी. खाडी आंत येऊं नये, पण शेतांतलें पाणी बाहेर जावें, एवढाच तिचा उद्देश. ती नासली तर खारें पाणी शिरून पीक बुडे, म्हणून बांधाची व उघाडीची डागडुजी हें चार शेतकऱ्यांनीं मिळून करावयाचें काम होतें.

१७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आंखली गेली. जमिनी संपादिल्या गेल्या (त्या लढ्याची हकीकत निराळी, १९८४ सालीं जासई येथें शेतकऱ्यांनीं त्यासाठीं प्राण दिले), भराव पडले, ओढ्यांचे सिमेंटचे नाले झाले व कित्येक ठिकाणीं त्यांवर रस्ते आले. डोंगर आणि वस्ती यांच्यामध्यें कारखान्यांचा पट्टा पसरला, त्याचाही मळ ह्याच पाण्यांत मिसळला. जमीन मात्र मोठ्या भरतीच्या पातळीहून खालींच. तेव्हां अभियंत्यांनीं धारण तलाव खोदले: भरतीच्या दाबानें मुखावरचीं झांकणें मिटावींत, पावसाचें पाणी तलावांत थांबावें व ओहोटीबरोबर खाडींत जावें. ही डच पद्धति असें सांगतात. असेलही, परंतु ज्यानें आगऱ्यांची उघाडी पाहिली आहे त्यास ही ओळख हॉलंडांतून करून घेण्याची गरज नाहीं.

विद्या जुनीच, फरक पडला तो राखणदारींत. तलावांत गाळ सांचला, गाळावर खारफुटी वाढली. आणि २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटीची तोड थांबविली, ती योग्यच होती. आतां तलाव उपसूं म्हटल्यास झाडें आड येतात. दोष झाडांचा नव्हे. गाळ वेळच्या वेळीं काढला असता तर तीं तेथें रुजलींच नसतीं. पण ज्या तलावांत पाण्यास जागा नाहीं त्यास तलाव तरी कां म्हणावें? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा पाऊस आणि अमावास्येची भरती एकाच वेळीं आली, तर कोपरखैरण्याचें पाणी जावें कोठें?

गेल्या श्रावणांत रस्त्याकडेच्या एका लोखंडी जाळीपाशीं आम्ही थांबलों होतों. खालीं पाण्याचा खळखळाट चालला होता. तो हळूहळू मंदावला आणि बंद पडला. शेजारीं उभ्या असलेल्या मूळ गांवच्या एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं कारण विचारलें. घड्याळाकडे न पाहतां ते म्हणाले, खाडीला भरती लागली आहे; आणखी दोन तास हें पाणी असेंच उभें राहील.