डीव्हीआरचे दार उघडे तर नाही?

दारात, जिन्यात कॅमेरे बसवले की घरमालक निर्धास्त होतो. मात्र कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर हा स्वतःच एक छोटा संगणक असतो आणि इंटरनेटला जोडताच त्यातही बाहेरून शिरकाव होऊ शकतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

२०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने हे साऱ्या जगाला दाखवून दिले. कारखान्यातच ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक वापरून पाहणे, एवढीच त्याची युक्ती. तेवढ्यावर लाखो डीव्हीआर, कॅमेरे व राउटर त्याच्या कह्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांकरवी 'डिन' या अमेरिकी कंपनीवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना काही तास उघडेनात.

मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहत असे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तो नाहीसा होई; पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत पुन्हा लागण. काही डीव्हीआरमध्ये तर मोठीच गोम होती. मालकाने पासवर्ड बदलला, तरी टेलनेट या जुन्या मार्गाचा पासवर्ड फर्मवेअरमध्ये कोरलेलाच राही. म्हणजे पासवर्ड बदलणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही.

तो लांब असावा. मोबाइल क्रमांक वा फ्लॅट क्रमांक नको. कॅमेरे बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड, तो गेल्यावर, त्याच दिवशी बदलावा. (सर्व ग्राहकांकडे एकच पासवर्ड ठेवणारे तंत्रज्ञ कमी नाहीत!) खरी मेख आहे राउटरमध्ये. बाहेरून चित्र दिसावे म्हणून तेथे 'पोर्ट फॉरवर्डिंग' केले जाते आणि डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा पडतो. ही सोय आणि 'यूपीएनपी', दोन्ही बंद करावीत. मोबाइलवर चित्र पाहायचेच असेल तर व्हीपीएनचा मार्ग अधिक सुरक्षित. उत्पादकाचे अ‍ॅप सोपे खरे, पण मग त्याच्या सर्व्हरवर विश्वास टाकावा लागतो.

फर्मवेअर उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच अद्ययावत करावे. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत व काही रेकॉर्डरमध्ये अशी त्रुटी उघड झाली, की पासवर्डशिवायच यंत्राचा पूर्ण ताबा मिळे. उपाय होता तो फर्मवेअर बदलण्याचाच.

ज्या जुन्या यंत्रासाठी नवे फर्मवेअर येतच नाही, त्याची राउटरकडे जाणारी वायर सरळ काढावी. कॅमेऱ्यांच्या केबल थेट डीव्हीआरला जोडलेल्या असतील तर चित्रीकरण थांबत नाही. फक्त घड्याळ अधूनमधून पडताळून पाहावे. इंटरनेटवाचून ते हळूहळू मागे-पुढे होऊ शकते.