घेतल्याशिवाय सुचत नाय?

राणीसावरगावच्या दोस्तांनो, आपल्यातलाच एखादा कवी म्हणतो, 'घेतल्याशिवाय सुचत नाय.' अगदीच खोटं नाही ते. २०१२ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात व्होडका पाजलेल्यांनी शब्दांची कोडी जास्त सोडवली. लक्ष धरून ठेवायची ताकद मात्र घटली. कोडं झटक्यात सुटतं. ग्रंथाला वर्षानुवर्षं बसावं लागतं. इकडं दारू-सिंदीच्या पैशानं निजामाचा खजिना भरला, आपल्या पोरांच्या हाती पाटी नाय आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडात बाबासाहेबांनी बायांना बजावलं, नवरा-पोरगा पिऊन आला तर जेवू घालू नका. ते स्वतः पीत नसत. मधुमेहानं पोखरलेल्या देहानं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्याचीच प्रस्तावना उशाशी होती.