आठ रुपयांचं अंदाजपत्रक

कॉलेजातल्या पोराचा खर्च बघण्याआधी जमेची बाजू बघावी, असं आम्हां बँकेतल्या कारकुनांचं मत. १८८०च्या सुमारास कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या जमेला दरमहा आठ रुपये. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपये पगारातून ते धाडत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत! एकदा एका मित्रानं नाटकाला नेलं आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोखल्यांनी म्हणे दिव्याचं तेल वाचवलं, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला आणि ते फेडले. पुढे १९०२ साली कायदेमंडळात त्यांनी सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाची सालटी काढली, तेव्हा भलेभले चकित झाले. मला त्यात नवल वाटत नाही. शिल्लक कुणाच्या तरी पोटाला चिमटा काढूनच पडते, हे त्या आठ रुपयांनी त्यांना केव्हाच शिकवलं होतं.