बाप्तिस्म्यानंतरचं पाप : कार्थेजचा वाद

बाप्तिस्म्याने मागची पापं धुतली जातात, यावर पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीत दुमत नव्हतं. अडचण पुढची होती. त्यानंतर घडलेल्या पापाचं काय? योहानाचं पहिलं पत्र सांगतं की आपल्यात पाप नाही असं म्हणणं ही आत्मवंचना आहे. आणि तेच पत्र पुढे म्हणतं की देवापासून जन्मलेला पाप करीत नाही. दोन्ही विधानं एकत्र कशी धरायची? दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने तोड काढली : पश्चात्तापाची संधी आणखी एकदाच.

ही तोड कसोटीला लागली ती इ.स. २५० मध्ये. सम्राट डेशियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या लोकांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. कार्थेजमध्ये पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता, पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं मंडळीच्या दाराशी आली.

आता यांना आत घ्यायचं का? तुरुंगवास सोसलेले काही जण सढळ हाताने क्षमापत्रं वाटत होते, ‘अमुक आणि त्याच्या घरची माणसं’ इतक्या मोघम शब्दांत. बिशप सिप्रियन यांना हे मान्य नव्हतं. पण त्यांचीही बाजू अवघड होती, कारण छळाच्या काळात ते स्वतः शहराबाहेर लपून राहिले होते. टीका झालीच.

दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोव्हेशियन उभा राहिला. त्याचं म्हणणं आपण नीट समजून घेऊ. देव क्षमा करणारच नाही, असं तो म्हणत नव्हता. विश्वास नाकारणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही, तो देवाचाच, असं तो म्हणत होता. सिप्रियनचं उत्तर साधं होतं : परतीची आशाच नसेल तर माणूस पश्चात्ताप कशासाठी करील?

२५१ मध्ये कार्थेजच्या सभेने सरसकट निवाडा टाळला. नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची परिस्थिती पाहून आत घ्यावं. बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करीत राहावं, मरणाच्या दारी त्यांना क्षमा मिळेल. थोड्याच काळात नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं गेलं. उद्या ज्यांना मरायला सांगायचं, त्यांना आज बाहेर कसं ठेवायचं? सिप्रियन स्वतः २५८ मध्ये पळाले नाहीत. त्यांचा शिरच्छेद झाला.

वाद तिथे मिटला नाही. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेलाही नोव्हेशियनच्या अनुयायांसाठी नियम करावा लागला : परत यायचं असेल तर पतितांशी सहभागिता ठेवू, असं लिहून द्या. उलट, बाप्तिस्म्यानंतरच्या पापाच्या धास्तीने कित्येक जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो घेतला ३३७ मध्ये, अखेरच्या आजारात.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. विश्वासी माणूस पाप करू शकतो का, याचं उत्तर कार्थेजमध्ये परिस्थितीनेच देऊन टाकलं होतं. खरा प्रश्न उरला होता तो असा, की पडलेल्याला मंडळी आपला म्हणेल का. शुद्धांचा समूह हवा, की बरं होऊ पाहणाऱ्यांचा? माणसं पापी का होतात, या मुळाशी पुढे ऑगस्टीन आणि पेलेजियस भिडले. ते पुढच्या व्याख्यानात पाहू.