शालेय समुपदेशक : काम काय, हक्क कोणता आणि आपण काय करायचे?

दहावीचा निकाल लागला की वस्तीत पहिला प्रश्न येतो, ‘आता पुढे काय?’ ज्या घरात आधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तिथे उत्तर शेजारी, नातेवाईक किंवा क्लासची जाहिरात देते. शाळेत समुपदेशक असावा लागतो तो यासाठी. पण ‘समुपदेशकाकडे पाठवले’ म्हणजे पोरगं बिघडलं, असाच समज अजून अनेक घरांत आहे. म्हणून हे काम नेमके काय, ते समजून घेऊ.

समुपदेशक काय करतो?

समुपदेशक उपदेश करत नाही आणि औषधही देत नाही. तो विद्यार्थ्याचे ऐकून घेतो, अडचण नेमकी कुठे आहे हे त्याच्यासोबत शोधतो आणि निर्णय घ्यायला मदत करतो. परीक्षेची भीती, घरातले व्यसन किंवा भांडण, अभ्यासात अचानक मागे पडणे, एकटेपणा, छळ, जातीवरून टोमणे हे सगळे त्याच्या कामात येते. त्रास गंभीर असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो.

विद्यार्थ्याने सांगितलेले गुप्त ठेवणे हा या कामाचा पाया आहे. त्याला अपवाद आहेत. मुलाच्या जिवाला धोका असेल तर संबंधितांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो.

करिअरचे मार्गदर्शन

हे काम दहावीनंतर सुरू झाले तर उशीर होतो. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यात निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये मिळतात. दहावीनंतर अकरावी, आयटीआय किंवा तंत्रनिकेतन यांतून निवड करावी लागते. अकरावी विज्ञानला गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट अवघड होते आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयची. हे मुलाला फॉर्म भरण्याआधी कळले पाहिजे. आवड आणि क्षमता तपासण्यासाठी चाचण्या असतात, पण एका चाचणीवरून मुलाचे आयुष्य ठरवायचे नसते. तिचा निकाल ही बोलणे सुरू करायची जागा आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत कागदपत्रे हासुद्धा करिअर नियोजनाचाच भाग आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे मागितले जातात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतर शोधायला निघालो तर प्रवेशाची मुदत निघून जाते. केंद्रीय संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ज्या समुपदेशकाला हे माहीत नाही, त्याचे मार्गदर्शन आपल्या मुलांसाठी अर्धेच राहते.

कायदा काय सांगतो?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. सरकारी व खासगी शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लास आणि वसतिगृहे या सर्वांना त्या लागू आहेत. त्यातील महत्त्वाच्या अशा :

- १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे.
- गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे टाळावे.
- अनुसूचित जाती-जमाती व इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने आणि भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे.
- विद्यार्थी व पालकांसाठी करिअर समुपदेशन नियमित ठेवावे.
- मदतवाहिनीचे क्रमांक ठळकपणे लावावेत.

अपमान आणि भेदभावाचे मुद्दे आपल्यासाठी फार मोलाचे आहेत. वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचून मुलांना उभे करणे किंवा ‘सवलतीवाले’ म्हणणे, याने मूल गप्प होते आणि हळूहळू शाळा टाळू लागते. अशा वेळी मुलाला ‘मन खंबीर कर’ एवढेच सांगणारा समुपदेशक दोष मुलावरच टाकतो. मुलाला आधार देणे आणि शाळेला तिचे वागणे बदलायला लावणे, ही दोन्ही कामे त्याचीच आहेत.

बाबासाहेबांना भेटलेले केळुसकर गुरुजी

समुपदेशक हा शब्द रूढ नव्हता, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हे काम केले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावांना त्यांनी हेरले, पुस्तके दिली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्यांच्याच शब्दावर सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आधी गुण ओळखले, मग वाचन दिले आणि पैशाची वाट दाखवली. धम्मात अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. आपल्या भागातील शाळेला लेखी पत्र देऊन समुपदेशक आहे का, कोणत्या दिवशी भेटतो, हे विचारा. सरकारी व अनुदानित शाळेबाबत माहिती अधिकाराचा वापर करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनाही सोबत घ्या.

२. विहारात वर्षातून दोनदा, आठवी ते बारावीच्या मुलांसाठी कागदपत्रे व शिष्यवृत्ती शिबिर घ्या. निकालाची वाट पाहू नका.

३. शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने दोन मुलांची जबाबदारी घ्यावी. पण मूल खचलेले वाटले तर तज्ज्ञाकडे न्यावे. ध्यान मनाला आधार देते, उपचाराची जागा घेत नाही.

४. विहाराच्या फलकावर हे क्रमांक लिहा : टेलिमानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८. दोन्ही मोफत आणि चोवीस तास सुरू असतात.

मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी शालेय समुपदेशनाकडेही व्यवसाय म्हणून पाहावे. वस्तीतले जगणे आतून माहीत असलेला समुपदेशक शाळेत असेल, तर आपल्या मुलाला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागणार नाही.

जय भीम!