चाळीस घोड्यांची पद्मिनी

६८ मिलिमीटर व्यासाचं सिलिंडर आणि त्यात ७५ मिलिमीटर खाली-वर होणारा पिस्टन. अशी चार सिलिंडरं एका रांगेत. शाळेतलं दंडगोलाच्या घनफळाचं सूत्र लावलं की उत्तर येतं १०८९ घन सेंटिमीटर. हा आकडा १९३७ साली इटलीत फियाटच्या '५०८ सी' गाडीसाठी ठरला. आखणी दान्ते जियाकोसा या तरुण अभियंत्याच्या हाताखाली झाली आणि इंजिन ३२ अश्वशक्ती देत असे. त्यानंतर महायुद्ध झालं, इटलीतला राजा गेला, भारतातला इंग्रज गेला, माणूस चंद्रावर जाऊन आला. तरी विसावं शतक संपता संपता मुंबईच्या कुर्ल्यातून जी शेवटची पेट्रोलवरची पद्मिनी बाहेर पडली, तिच्या बॉनेटखाली तेच ६८ बाय ७५ होतं. अश्वशक्ती ३२ वरून चाळिशीपर्यंत आलेली, एवढाच काय तो फरक.

आज सोलापुरात, पुण्यात, कोल्हापुरात ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न असतो. मूळ इंजिन ठेवायचं की काढून दमदार इंजिन बसवायचं? वरवर पाहता हा हौशी लोकांचा घरगुती वाद. पण हाच प्रश्न या देशातल्या कारखानदारांपुढे, सरकारपुढे आणि गॅरेजवाल्यांपुढे चाळीस वर्षं होता, आणि प्रत्येकाने त्याचं वेगळं उत्तर दिलं. म्हणून आधी थोडा इतिहास.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याचा कारखाना

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. गुजरातेतून येऊन इथे स्थिरावलेलं जैन व्यापारी घराणं. घरचा धंदा सोडून ते रेल्वेच्या कंत्राटदारीत शिरले, ते लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाच्या भागीदारीत. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचं काम हे त्यांच्या सुरुवातीच्या कंत्राटांपैकी एक. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांची कामं त्यांनी केली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला गेली. मग साखर, विमानं, जहाजबांधणी असा तो पसारा वाढत गेला.

मोटारीचा विचार याच ओळीतला. सर विश्वेश्वरय्यांनी तिशीच्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. पण महायुद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकार या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायला तयार नव्हतं. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्या डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा धिप्पाड अमेरिकन गाड्या होत्या.

स्वतंत्र भारताला मात्र त्या परवडणाऱ्या नव्हत्या. पेट्रोल बाहेरून यायचं, परकीय चलन तुटपुंजं, रस्ते अरुंद. १९५१ मध्ये प्रीमियरने फियाटशी करार केला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने धोरण सांगितलं : ज्यांना गाडी इथे बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी नाही. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डनेही. त्याच सुमाराला इटलीत नुकतीच निघालेली फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. इटालियन भाषेत 'मिलेचेंतो' म्हणजे अकराशे. आपल्याकडे ती नुसती 'फियाट' झाली. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्येच गेले. ही गाडी घरोघर पोहोचलेली त्यांनी पाहिली नाही.

इंजिन का बदललं नाही?

१९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली. पुढे १९७२ मध्ये फियाटशी करार संपला आणि तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. आपण जिला फियाट म्हणून ओळखतो तो चौकोनी चेहरा हाच. इटलीत या चेहऱ्याच्या ११०० डी गाडीला १२२१ सी.सी.चं, ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. भारतात अंगरखा नवा आला, पण हृदय जुनंच ठेवलं गेलं : १०८९ सी.सी. आणि चाळीसच्या आसपास घोडे.

यात निव्वळ कंजूषपणा होता असं म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. नवं इंजिन म्हणजे नवे साचे, नवी यंत्रं, नवे पुरवठादार. ब्लॉक कुठे ओतायचा, पिस्टन कोणाकडून घ्यायचे, बेअरिंग कोण देणार याची घडी बसवायला दहा वर्षं लागली होती. ती मोडायची तर परकीय चलन हवं आणि त्यासाठी दिल्लीचा परवाना हवा. आपल्याकडचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, त्यामुळे सिलिंडरमधला दाब वाढवून त्याच इंजिनातून जास्त ताकद काढायलाही मर्यादा. वर किमतीचं बंधन. १९६९ पासून मोटारींची विक्री-किंमत सरकार ठरवू लागलं आणि प्रीमियरसह मोटार कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जिथे किंमत सरकार ठरवतं आणि गिऱ्हाईक काही वर्षं रांगेत उभं राहायला तयार असतं, तिथे इंजिन सुधारून कंपनीला मिळणार काय?

सोलापूरकराला हे गणित नव्याने समजावून सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली इथली 'जुनी मिल' १९६३ मध्ये बंद पडली. जुन्या यंत्रांवर काम चालू ठेवायचं की भांडवल घालून नवी आणायची, हा प्रश्न या शहराच्या भोंग्याबरोबर वाजत आलेला आहे. आज चालतंय म्हणून यंत्र बदलायचं नाही आणि चालेनासं झालं की बदलायला पैसा उरलेला नसतो. प्रीमियरचं शेवटी तसंच झालं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन ७९६ सी.सी.चं, तीन सिलिंडरचं, आणि ताकद पद्मिनीइतकीच, म्हणजे चाळिशीच्या आतबाहेर. पण मारुतीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात आणि पद्मिनीचं नऊशेच्या. घोडे तेवढेच, ओझं कमी. लोक पद्मिनीला 'दम नाही' म्हणू लागले ते तेव्हापासून. तोवर तिच्या शेजारून धावायला अँबेसेडर आणि एस.टी. यांच्याशिवाय होतं कोण?

प्रीमियरने उत्तर शोधलं नाही असं नाही. १९८५ च्या सुमारास '११८ एनई' आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निसानचं, ११७१ सी.सी., ५० हून अधिक अश्वशक्तीचं. पुढे पद्मिनीतच एफएनएम या इटालियन कंपनीचं १३६६ सी.सी.चं डिझेल इंजिन देऊन पाहिलं. पण पेट्रोलवरची पद्मिनी शेवटपर्यंत १०८९ वरच राहिली.

गॅरेजातलं उत्तर

कारखान्याने जे केलं नाही ते रस्त्यावरच्या गॅरेजांनी केलं. पेट्रोल महागलं तसं अँबेसेडर आणि फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा महाराष्ट्रभर चालला. मॅटाडोरचं इंजिन अँबेसेडरमध्ये, आणखी कुठलं तरी फियाटमध्ये. माउंटिंग कापायचं, नवीन वेल्ड करायचं, गिअरबॉक्सला जुळणारी प्लेट लेथवर करून घ्यायची. ज्या शहरांत गिरण्या आणि यंत्रमाग असतात तिथे लेथवाला, वेल्डर आणि फिटर शोधावा लागत नाही. हौशी मंडळींनी ११८ एनईचं निसान इंजिन पद्मिनीत बसवलं. उलट बाजूला, मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींत लोकांनी हीच जुनी इंजिनं तासून, हेड घासून, कार्ब्युरेटर बदलून असं पळवलं की कारखान्यातल्या माणसालाही ओळख पटू नये. मुंबईत न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅसवर इंजिनाची ताकद आणखी घटते, तरी त्याच १०८९ सी.सी.नी शहर वाहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली.

या फेरफारांकडे आजचे शुद्धतावादी नाक मुरडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. डिझेल बसवलं म्हणून ज्या गाड्या नव्वदच्या दशकात चालत्या राहिल्या, त्या नसत्या तर भंगारात गेल्या असत्या. पोटासाठी गाडी चालवणाऱ्या माणसाने इंजिन बदललं तो त्याच्या जगण्याचा हिशेब होता. तीही या गाडीच्या इतिहासाची एक बाजू आहे.

आता काय करायचं?

आजचा मालक मात्र बहुधा पोटासाठी ती चालवत नाही. दारात दुसरी गाडी असते आणि ही असते रविवारसाठी. त्याच्यापुढचा प्रश्न म्हणूनच वेगळा आहे.

पहिली गोष्ट यंत्राची. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, मागे पाटे, स्टिअरिंगला कसलीही मदत नाही. हे सगळं चाळीस घोड्यांच्या मापाचं आहे. इंजिन ऐंशी घोड्यांचं बसवलं की गाडी पळेल, पण थांबेल कशी? मग पुढे डिस्क ब्रेक, मग मागचा डिफरन्शिअल, मग गिअरबॉक्स, मग रेडिएटर. एक बदल दुसऱ्याला बोलावतो आणि शेवटी फियाटचा पत्रा तेवढा फियाटचा उरतो. पुणे-सोलापूर रस्ता आता चौपदरी झालाय, त्यावर मागून येणारी गाडी तुमच्या दुप्पट वेगात असते, हे खरं. पण त्यावर उपाय डाव्या मार्गिकेत राहणं हा आहे. सोलापूरचा मुलूख बहुतेक सपाट. साठच्या वेगाने ही गाडी दिवसभर न कुरकुरता जाते. तिला खरा दम लागतो तो घाटात. एके काळी खंडाळ्याला फियाटचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतणारी कुटुंबं हे ठरलेलं दृश्य होतं. ज्या घाटात वालचंदांनी बोगदे खोदले त्याच घाटात त्यांच्या कंपनीची गाडी उकळायची.

उन्हाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापले की सारखे फुगत नाहीत. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या ४२-४३ अंशांत रेडिएटर चोंदलेला असेल तर हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि मालक 'इंजिन कमकुवत आहे' म्हणून मोकळा होतो. खरं तर इंजिन कमकुवत नसतं, थंड राहत नसतं. रेडिएटर नव्याने भरून घेणं, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बदलणं, विजेवरचा पंखा लावणं, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं, आणि बोअर झिजलं असेल तर रिबोअर करून वाढीव मापाचे पिस्टन टाकणं. यातल्या बहुतेक गोष्टी उद्या परत काढता येतात, आणि यानंतर गाडी निम्म्या तक्रारी विसरते. सीटबेल्ट आणि चांगले टायर यांबद्दल तर वादच नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ स्वरूपात नोंदणी-पुस्तकाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. ज्यांच्याकडे जुना नंबर आहे त्यांना तो ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. १९७४ च्या पहिल्या पद्मिन्या आता या पन्नाशीत पोहोचल्या आहेत. म्हणजे इंजिन बदलायचं की ठेवायचं, या निर्णयावर ती गाडी कायद्याच्या नजरेत वारसा ठरणार की नुसती जुनी, हे अवलंबून आहे. मूळ इंजिन एकदा भंगारवाल्याकडे गेलं की चासी आणि इंजिन यांच्या नंबरांची जोडी तुटते, आणि ती कुठल्याही लेथवर पुन्हा जुळत नाही.

तेव्हा माझं मत असं : ज्या गाडीत मूळ इंजिन शाबूत आहे ते काढू नये. ज्यात कधीकाळी डिझेल बसवलं गेलं आहे तिला कमी लेखू नये, तिची हकीकत कागदावर लिहून ठेवावी. कोणी, कधी, का बदललं. आणि बदलायचंच असेल तर निघालेलं इंजिन तेल लावून, ताडपत्रीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवावं. पुढच्या पिढीला तरी पर्याय राहील.

चाळीस वर्षं हे इंजिन टिकलं ते नाइलाजाने. परवाना नव्हता, पैसा नव्हता, पेट्रोल बरं नव्हतं. आज यांतलं एकही कारण उरलेलं नाही. हव्या त्या देशातलं, हव्या तेवढ्या घोड्यांचं इंजिन महिन्याभरात दारात येऊ शकतं. म्हणूनच आज कोणी ते १०८९ सी.सी. जपत असेल तर पहिल्यांदाच ती त्याची स्वतःची निवड आहे.