चार वैद्यांच्या नावाची व्याधी

सोळावे वर्ष सरले तरी मुलगी ऋतुमती होत नाही, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका माजघरात कुजबुजू लागतात. अंगलट सुदृढ, स्तनांची वाढ यथायोग्य. उणे म्हणावे असे काहीच दिसत नाही. पूर्वी अशा कित्येक मुली विवाहानंतर ‘वांझ’ ठरून माहेरी परतल्या. नेमके काय उणे आहे, हे सासरास ठाऊक नसे, आणि त्या मुलीसही नसे.

साडेचार ते पाच हजार मुलींमागे सुमारे एकीस गर्भाशय जन्मतःच नसते, किंवा अंकुरमात्र असते. योनिमार्गाचा वरचा भागही घडलेला नसतो. बीजांडकोश मात्र शाबूत असतात. असे का, याचा उलगडा जर्मनीतील बॉन येथे झाला. तेथील शारीरशास्त्राचे अध्यापक मायर यांनी १८२९ साली या वैगुण्याची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातील योहान्नेस म्युलर यांनी जननेंद्रियांच्या घडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भ्रूणातील दोन नलिका मध्यभागी एकत्र येऊन गर्भाशय सिद्ध होते. त्या नलिकांना आज म्युलर यांचेच नाव आहे. बीजांडकोश त्यांपासून होत नाहीत, म्हणून ते वाचतात.

आपल्याकडे सुश्रुतांनी ‘षण्ढी’ नावाची योनिव्यापद सांगितली आहे. पण ती स्त्री स्तनहीनही असते. तेव्हा तिचा या व्याधीशी मेळ घालण्याचा मोह आवरलेलाच बरा.

१८३८ मध्ये व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी शवविच्छेदनात आढळलेल्या अशा स्त्रियांचे वर्णन केले. मृत्यूनंतरच कारण कळावे, केवढा हा दैवदुर्विलास! १९१० साली क्यूस्टर यांनी मूत्रपिंडांत व अस्थींतही दोष आढळतात याकडे लक्ष वेधले. १९६१ साली स्वित्झर्लंडचे हाउझर यांनी, श्राइनर यांच्यासह, या विखुरलेल्या नोंदी एकत्र बांधल्या. बाहेरून स्त्रीसारखाच देह, पण गुणसूत्रे पुरुषाची, अशी एक निराळी अवस्था आहे. तिच्यापासून ही व्याधी त्यांनी स्पष्टपणे वेगळी काढली. या भेदाचे मोल रुग्णेलाच कळेल. तिच्या स्त्रीत्वाविषयीची शंकाच त्याने निकालात काढली.

उपचारांचा इतिहास मात्र खडतर आहे. १९०४ साली अमेरिकेत बाल्डविन यांनी आतड्याच्या तुकड्यापासून योनिमार्ग तयार केला. त्या काळी ही शस्त्रक्रिया जिवावर बेतणारी होती. १९३८ साली फ्रँक यांनी शस्त्राविना, हळूहळू दाब देऊन मार्ग वाढविण्याची रीत सांगितली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये मॅकिंडो यांनी त्वचारोपणाचा मार्ग प्रसिद्ध केला. फ्रँक यांची साधी रीतच पुढे प्रथमोपचार म्हणून मान्य झाली.

यांतील एकाही उपायाने मूल मिळत नव्हते. सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ब्रॅनस्ट्रॉम यांच्या देखरेखीखाली, याच व्याधीच्या एका स्त्रीने प्रत्यारोपित गर्भाशयातून मुलास जन्म दिला. गर्भाशय देणारी तिची स्नेही एकसष्ट वर्षांची होती. त्या मातेस मूत्रपिंड एकच होते. क्यूस्टर यांचे निरीक्षण येथे आठवावे. गरोदरपणी तिचा रक्तदाब वाढला, आणि मूल बत्तिसाव्या आठवड्यातच, १७७५ ग्रॅम वजनाचे, जन्मास आले. मे २०१७ मध्ये पुण्यात भारतातील पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण झाले. मुलीस आपले गर्भाशय देणारी तिची आईच होती.

हे गर्भाशय जन्मभर ठेवावयाचे नसते. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी औषधे मूत्रपिंडांवर भार टाकतात; म्हणून एक-दोन बाळंतपणे होताच ते काढून घेतात.